लांडोर बंगला आणि एका रात्रीचा मुक्काम

धुळ्याहून मालेगावच्या दिशेने मुंबई-आग्रा महामार्गाने निघाले की दहाएक किलोमीटरवर लळिंग लागते. डोंगरावर फारुकी राजांच्या काळात नावाजलेला किल्ला, पायथ्याशी गाव आणि आसपास वनखात्याचे कुरण. या कुरणाच्या परिसरात एक जुना बंगला आहे. त्याचे नाव लांडोर बंगला. लांडोर म्हणजे मोराची मादी. ३१ जुलै १९३७ रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यायालयीन कामानिमित्त धुळ्याला आले होते, तेव्हा त्यांचा मुक्काम या बंगल्यात झाला. म्हणून दरवर्षी ३१ जुलैला येथे भीमस्मृती यात्रा भरते. धुळे, जळगाव, नंदुरबार, मालेगावकडून समाजबांधव बायकामुलांसह येतात.

सुज्ञ वाचकांनी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. महाडला सत्याग्रह झाला म्हणून आपण महाडला जातो. येवल्याला घोषणा झाली, नागपूरला धम्मदीक्षा झाली, म्हणून तिकडे जातो. लळिंगची ख्याती सत्याग्रहाची नाही, परिषदेची नाही. येथे बाबासाहेब मुक्कामाला राहिले, एवढेच. एका माणसाला एका रात्री एका चांगल्या घरात अंग टाकायला जागा मिळाली, याची यात्रा भरते! बाहेरच्या माणसाला हे नवल वाटेल. आपल्याला वाटत नाही, कारण अंग टाकायला जागा न मिळणे म्हणजे काय, हे आपल्या आज्या-पणज्यांनी भोगलेले आहे.

हा विषय आज काढण्याचे कारण वेगळेच आहे. हल्ली जुन्या वास्तूंची हॉटेले करण्याची मोठी हौस आली आहे. वाडा, गढी, राजवाडा, किल्ला, साहेबाचा बंगला, काहीही चालते. भिंती जुन्याच ठेवायच्या, आत मऊ गादी, गरम पाण्याचा नळ आणि विजेचा दिवा आणायचा, आणि पाहुण्याला सांगायचे की तुम्ही इतिहासात झोपत आहात. एका रात्रीचे भाडे कित्येक ठिकाणी असे, की जळगावच्या चटईच्या कारखान्यात किंवा दालमिलमध्ये राबणाऱ्या आपल्या माणसाचा अर्धा पगार त्यातच जावा. आम्ही या हौसेला नावे ठेवत नाही. फक्त इतिहासात झोपायचेच असेल, तर तो इतिहास पुरता माहीत असावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

इंग्रजी अमदानीत मोठ्या रस्त्यांवर ठिकठिकाणी डाक बंगले आणि प्रवासी बंगले बांधले गेले. कलेक्टर, जंगलसाहेब, इंजिनियर फिरतीवर निघाले की त्यांचा मुक्काम अशा ठिकाणी पडे. उंच जोते, पुढे ऐसपैस ओसरी, जाड भिंती, उंच छत, वर कौले. स्वयंपाकघर बंगल्यापासून दूर, आणि तेथे खानसामा. अशा बंगल्यांची एक खूण मात्र पुष्कळांच्या नजरेतून सुटते. साहेबाच्या खोलीला लागून न्हाणीघर असे आणि त्या न्हाणीघराला मागच्या बाजूने बाहेर उघडणारे एक लहान दार असे. ते मेहतरासाठी. त्याने घरातून यायचे नाही, ओसरीवरून यायचे नाही. मागच्या दाराने यायचे, मैला उचलायचा आणि मागच्या दारानेच जायचे. जुन्या बंगल्यात गेलात तर पुढची ओसरी पाहून झाल्यावर एकदा मागे फेरी मारा. काही ठिकाणी दार बुजवलेले असते, पण चौकटीची खूण राहते.

साहेबाचा मुक्काम पडला की गावच्या महाराला बोलावणे येई. सामान वाहणे, वाट दाखवणे, सरपण आणणे, घोड्याला चारा पुरवणे, रात्री बाहेर जागता पहारा करणे. वतनाच्या नावाखाली ही राबणूक घेतली जाई. आत साहेब पलंगावर, बाहेर आपला पणजा घोंगडीवर. या वतनाच्या जोखडाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात बिल मांडले. ही वतने कायद्याने गेली ती पुढे, १९५८ च्या कायद्यानंतर. म्हणजे जुन्या बंगल्यांशी आपला संबंध नव्हता असे नाही. होता, पण तो मागच्या दाराचा आणि बाहेरच्या अंगणाचा होता.

स्वतः बाबासाहेबांना मुक्कामाच्या जागेवरून काय सोसावे लागले, ते त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने त्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली छापल्या. पुस्तिका लहान आहे. घरात वाचता येणारे कोणीही असेल तर त्याने ती मोठ्याने वाचावी आणि इतरांनी ऐकावी.

१९१७ साली अमेरिका-इंग्लंडचे शिक्षण घेऊन बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीवर गेले. हिंदू खानावळीत जागा मिळणार नाही हे माहीत होते. म्हणून ते पारशांच्या एका मुसाफिरखान्यात गेले. रखवालदार म्हणाला, येथे फक्त पारशांनाच उतरता येते. शेवटी पारशी नाव नोंदवून राहायचे ठरले. वरच्या मजल्यावर एक लहान खोली, शेजारी नळाची मोरी, आणि बाकी सगळा मजला म्हणजे मोडक्या सामानाने भरलेले अंधारे दालन. विजेचा दिवा नाही. रखवालदार कंदील आणून देई, तेवढाच उजेड. दुसरा उतारू नाही, बोलायला माणूस नाही. अकराव्या दिवशी सकाळी हातात काठ्या घेतलेली पारशी मंडळी जिना चढून वर आली आणि संध्याकाळपर्यंत चालते व्हा म्हणाली. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे विचारून पाहिले, तेथेही सोय झाली नाही. मुंबईची गाडी रात्री होती. तोवर काही तास त्यांनी बडोद्याच्या कामाठी बागेत काढले. एवढा विद्वान माणूस आणि सार्वजनिक बागेत बसून गाडीची वाट पाहतो! तो मुसाफिरखानाही जुनीच वास्तू होती. अशी जागा आज एखाद्याने सजवून हॉटेल म्हणून उघडली, तर वरच्या मजल्यावरची ती खोली पाहुण्याला कोणत्या शब्दांत दाखवील?

दुसरा प्रसंग आपल्या खान्देशातला आहे, आणि तो खान्देशातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असला पाहिजे. १९२९ साली मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी समिती नेमली होती. बाबासाहेब तिचे सभासद होते. खान्देशातल्या एका गावी अस्पृश्यांवर बहिष्कार पडला होता, त्याची चौकशी करून ते धुळ्याहून परतत होते. धुळ्याचा रेल्वे फाटा चाळीसगावला मुख्य मार्गाला मिळतो. तेथे स्टेशनवर आपली माणसे जमली होती. बाबासाहेबांनी एक रात्र आपल्या वस्तीत राहावे, असा त्यांचा आग्रह. खरे तर त्यांना सरळ मुंबईला जायचे होते. पण लोकांच्या प्रेमापोटी ते उतरले.

महारवाडा स्टेशनपासून चालत जाण्याइतका जवळ होता. तरी पाहुण्याला पायी नेणे बरे दिसत नाही म्हणून टांगा पाहू लागले, तर एकही टांगेवाला यायला तयार होईना. महार उतारूला बसवणे त्यांना कमीपणाचे वाटले. अखेर टांगा भाड्याने घ्यायचा आणि हाकायला आपल्यातलाच एक जण बसवायचा, असे ठरले. त्या बिचाऱ्याला हाकण्याचा सराव नव्हता. नदीवरच्या फरशीपुलावर चाक दगडात अडकले, बाबासाहेब खाली दगडी फरशीवर फेकले गेले, आणि घोडा व टांगा पुलावरून खाली कोसळला. पाय मोडला, बरेच दिवस हलता येईना. टांगेवाल्यांच्या नकाराची हकीकत त्यांना मागाहून समजली. घोडा हाकणारा माणूससुद्धा बॅरिस्टरपेक्षा स्वतःला वरचा समजतो, याची त्यांनी पुढे लिहिताना नोंद केली. आम्हांला मात्र त्या वस्तीतल्या माणसांचे मन राहून राहून आठवते. पाहुण्याचा मान राखायचा म्हणून त्यांनी जे केले, त्यातूनच पाहुण्याला इजा झाली. त्या रात्री महारवाड्यात कोणाच्या घशाखाली घास उतरला असेल?

सरकारदरबारी तोवर काहीच झाले नव्हते असे नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला होता. चवदार तळ्याच्या लढ्यामुळे या ठरावातले पाणवठे आपल्या लक्षात आहेत. पण त्याच ठरावात धर्मशाळांचाही उल्लेख आहे. सरकारी पैशाने बांधलेली वा चालवलेली धर्मशाळा अस्पृश्यांना खुली असली पाहिजे, असा त्याचा अर्थ. पाण्याच्या बरोबरीने निवाऱ्याचा हक्क तेव्हाच कागदावर आला. कागदावरून जमिनीवर यायला किती वर्षे लागली, हे चाळीसगावच्या टांगेवाल्यांनी सहा वर्षांनी दाखवून दिले.

आता लळिंगच्या मुक्कामाकडे पाहा. चाळीसगावच्या अपघाताला आठ वर्षे झाली होती. मधल्या काळात गोलमेज परिषदा झाल्या, पुणे करार झाला, येवल्याची घोषणा झाली. १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष निघाला आणि १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेब मुंबई विधानसभेवर निवडून आले. सप्टेंबरात ते खोतीविरुद्धचे बिल मांडणार होते. त्याच्या दीड महिना आधी, ऐन पावसाळ्यात, ते लळिंगला राहिले. पावसाळ्यात हा परिसर हिरवागार असतो, डोंगरातून धबधबा वाहतो. ज्या खान्देशात त्यांना टांग्यात बसवून घेतले नाही, त्याच खान्देशात ते साहेबलोकांच्या बंगल्यात राहिले. पुढच्या दाराने आत गेले. आम्हांला या यात्रेचे मर्म त्या पुढच्या दारात दिसते.

जुन्या वास्तूचे हॉटेल करण्याच्या कामात इटली देशाचा हात धरणारा दुसरा देश क्वचितच असेल. तेथे जुने मठ, सरदारांचे वाडे, शेतावरची कोठारे यांत पाहुण्यांना उतरवतात. पण त्या देशाच्या दक्षिणेला मातेरा नावाचे एक गाव आहे, त्याची कथा आपल्या वाचकांनी अवश्य ऐकावी. तेथे खडकाच्या उतारावर गुहा कोरून हजारो वर्षे माणसे राहत आली. त्या वस्तीला सास्सी म्हणतात, म्हणजे दगड. विसाव्या शतकात तेथे शेतमजूर आणि गरीब कुळे राहत होती. एका गुहेत नवराबायको, पाचसहा लेकरे, कोंबड्या आणि खेचर. उजेड येई तो दारातून. मलेरिया पाठ सोडत नसे, लहान मुले पटापट दगावत. मुसोलिनीच्या सरकारने त्या मुलखात हद्दपार केलेला डॉक्टर-लेखक कार्लो लेव्ही याने १९४५ साली पुस्तक लिहून हे जगापुढे मांडले, तेव्हा इटलीच्या पुढाऱ्यांना लाज वाटली. मातेरा म्हणजे राष्ट्राची शरम, असे म्हणू लागले. १९५२ साली खास कायदा करून सुमारे पंधरा हजार माणसांना तेथून उठवले आणि नव्या वसाहतींत नेले. गुहा ओस पडल्या.

आणि मग काळ फिरला. १९९३ साली युनेस्कोने त्याच सास्सीला जागतिक वारसा म्हटले. २०१९ साली मातेरा युरोपची सांस्कृतिक राजधानी ठरले. ज्या गुहांत खेचर बांधत, त्या गुहांत आज हॉटेले आहेत. भिंती मुद्दाम ओबडधोबड ठेवतात, मेणबत्त्या लावतात, दगडी जमिनीवर पांढरेशुभ्र न्हाणीचे टब मांडतात. एका हॉटेलात तर खडकात कोरलेल्या जुन्या देवळात न्याहारी वाढतात. काल जी शरम होती ती आज शोभा झाली. शोभा झाली ती बिऱ्हाडे निघून गेल्यावर!

हे वाईट झाले असे आम्ही एका झटक्यात म्हणणार नाही. माणसांना पाणी, संडास, उजेडाची घरे मिळाली, हे चांगलेच झाले. ओस पडलेली वास्तू कोसळते, वापरातली टिकते, हेही खरे. शिवाय मातेरात एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तेथे एक गुहा पूर्वीसारखीच मांडून ठेवलेली पाहता येते. तोच उंच पलंग, खाली कोंबड्यांची जागा, बाजूला जनावराचा गोठा. हॉटेलात राहणारा पाहुणा तेथे जाऊ शकतो आणि आपण काल रात्री कोणाच्या जागेत झोपलो, ते त्याला कळते. आपल्याकडे हे कोण करतो?

आपल्या राज्यातही अशी हॉटेले आहेत. सासवडजवळ पिलाजी जाधवरावांनी १७१० साली बांधलेली जाधवगडी २००७ पासून हॉटेल आहे. तटाचे दगड तेच, बुरूज तेच. सप्टेंबर २०१९ मध्ये राज्य सरकार पंचवीसेक किल्ले हॉटेलासाठी भाडेपट्ट्याने देणार, अशी बातमी आली आणि महाराष्ट्रात एकच गदारोळ उठला. त्या वेळचे पर्यटनमंत्री जयकुमार रावल आपल्या धुळे जिल्ह्यातलेच. शिवाजी महाराजांशी संबंधित संरक्षित किल्ल्यांना हात लागणार नाही, असा खुलासा त्यांना करावा लागला. त्या गदारोळात किल्ल्याचे पावित्र्य, महाराजांचा मान यावर पुष्कळ बोलले गेले आणि ते योग्यच होते. पण ज्या पाथरवटांनी, बेलदारांनी, महार-मांग-रामोशी नाईकवाडीने ते गड बांधले आणि राखले, त्यांच्या वस्तीची खूण हॉटेलवाल्याने राखावी, असे कोणी म्हटल्याचे आमच्या कानावर आले नाही.

उद्या कोणी लांडोर बंगल्यासारख्या जागेसाठी सुंदर नकाशे घेऊन आला तर काय? आमचे मत स्पष्ट आहे. तेथे ऐषारामाचे हॉटेल नको. पण कुलूप लावून वर्षातून एक दिवस फुले वाहायची, हेही आम्हांला पुरेसे वाटत नाही. जेथे बाबासाहेबांनी मुक्काम केला, तेथे परगावचा विद्यार्थी, धुळ्याला दवाखान्याच्या कामासाठी आलेले कुटुंब, यांना परवडेल अशा दरात एक रात्र राहता आले, तर त्या वास्तूचा खरा मान राहील. कुरणाची शांतता आणि मोर सांभाळून, वस्तीच्या बाजूला धर्मशाळेसारखी साधी इमारत उभी करता येईल. वाचकांना यावर काय वाटते, ते त्यांनी जरूर कळवावे.

हॉटेलात राहण्याचा हक्क आता कायद्याने पक्का आहे, हेही येथे सांगितले पाहिजे. राज्यघटनेच्या १५ व्या कलमात दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांत जातीवरून मज्जाव करता येणार नाही, असे लिहिले आहे. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यात हॉटेल, धर्मशाळा, सराई आणि मुसाफिरखाना या शब्दांचा स्पष्ट उल्लेख आहे. त्याच कायद्याला १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात. मुसाफिरखाना हा शब्द कायद्यात वाचताना आम्हांला दर वेळी बडोद्याची ती कंदिलाची खोली आठवते. तरीही एका देवस्थानाच्या गावी आम्हांला लॉजवर काय अनुभव आला, तो सांगतो. फोनवर खोली आहे म्हणाले. समोर गेल्यावर कार्डावरचे आडनाव वाचले आणि सगळ्या खोल्या भरल्या! किल्ल्या मात्र मागच्या फळीवर लटकत होत्या. आमच्या घरातल्या लेकीने, ती वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, शांतपणे कायद्याचे नाव आणि वर्ष सांगितले. पाच मिनिटांत एक खोली रिकामी झाली. आईने तिला नंतर विचारले, "बाई, तुला भीती नाही का वाटली?" ती म्हणाली, "आई, भाडं देतोय आपण."

आणि जुन्या दगडी वास्तूतला मुक्काम ही काही इटलीची किंवा गोऱ्या साहेबाची मिरासदारी नव्हे. जळगावहून साठेक किलोमीटरवर अजिंठा आहे. आपली माणसे तेथे जातात, चित्रे पाहतात, बुद्धमूर्तीला वंदन करतात आणि दमून परततात. १२ क्रमांकाच्या लेण्यात मात्र थोडे थांबा. ते साधे आहे, चित्रांची गर्दी नाही. तीन भिंतींना मिळून १२ खोल्या आहेत आणि प्रत्येक खोलीत दोन दगडी ओटे कोरलेले आहेत. ते भिक्खूंचे बिछाने. पावसाळ्यात भिक्खूंनी गावोगाव फिरू नये, एका जागी वर्षावास करावा, म्हणून ही सोय. घनामदड नावाच्या व्यापाऱ्याने हे दान दिले, असे तेथील लेख सांगतो. दोन हजार वर्षांहून जुनी ही गोष्ट. संघात उपाली न्हावी होता, सुनीत झाडूवाला होता. त्या संघाच्या विहारात ओट्याजवळ जाताना कोणाला कूळ विचारले जात नव्हते.

३१ जुलैही बहुधा वर्षावासातच येतो. यंदा लळिंगला जाणार असाल तर जळगावकरांनी सकाळची एस.टी. धरावी. एरंडोल, पारोळा, धुळे असा रस्ता आहे आणि धुळ्याहून पुढे लळिंग फार लांब नाही. पावसाचे दिवस असतात, लहान मुलांसाठी छत्री आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड जवळ असू द्या. कळण्याची भाकरी आणि ठेचा प्रवासात टिकतो. कुरणात कागद-पिशव्या टाकू नका, जनावरे खातात. आणि मुलांना बंगल्याच्या पुढच्या ओसरीपाशी उभे करून चाळीसगावच्या टांग्याची गोष्ट सांगा. मोठी मुले आधीच विचारतील की त्या हाकणाऱ्याचे पुढे काय झाले.